छेदातली माणसं

जिल्ह्याच्या मासिक आढावा बैठकीत पडद्यावर जो तक्ता झळकतो, त्यात रंग तीनच. हिरवा, पिवळा, लाल. डावीकडे प्राथमिक आरोग्य केंद्रांची नावं, वरच्या ओळीत निर्देशांक: बारा आठवड्यांच्या आत गरोदर मातेची नोंदणी, चार तपासण्या, संस्थेतली प्रसूती, पूर्ण लसीकरण, क्षयरुग्ण शोध, नसबंदी. प्रत्येक चौकोनात टक्केवारी. ज्याच्या ओळीत लाल जास्त, तो वैद्यकीय अधिकारी उभा राहतो. "पुढच्या महिन्यात कव्हर करतो साहेब," हे वाक्य तो अर्धवट बसता बसताच म्हणतो. त्याच्यामागच्याला तेच म्हणायचं असतं आणि जेवणाची वेळ झालेली असते.

हा तक्ता बरीच वर्षं मी बनवत आले आहे. मी मूळची बीएएमएस. दवाखाना थाटायला भांडवल नव्हतं, म्हणून रुग्णालय व्यवस्थापनाची पदविका केली आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी नोकरी धरली. आधी सनियंत्रण व मूल्यमापन, नंतर गुणवत्ता. ऑर्डर अकरा महिन्यांची. म्हणजे कायम नोकरीतल्या माणसांच्या कामाला गुण द्यायला सरकारने जी माणसं नेमली, त्यांना स्वतःच्या पुढच्या वर्षाची शाश्वती नाही. याचा अहवालातल्या भाषेवर काय परिणाम होतो हे ज्याने त्याने समजून घ्यावं. "सुधारणेस वाव आहे" हे वाक्य मी जितक्या वेळा लिहिलं असेल, तितक्या वेळा त्याचा अर्थ तेवढाच सौम्य नव्हता.

मापायच्या पद्धती दोन. एक उद्दिष्टांची, म्हणजे किती केलं. दुसरी मानांकनाची, म्हणजे कसं केलं. दुसरी मला जास्त आवडते हे आधीच सांगून टाकते. राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकं, आमच्या बोलण्यात एनक्वास, 2013 साली जिल्हा रुग्णालयांसाठी आली आणि हळूहळू उपकेंद्रापर्यंत पोचली. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी सहा तपासणी सूची आहेत: बाह्यरुग्ण, प्रसूतिगृह, आंतररुग्ण, प्रयोगशाळा, राष्ट्रीय कार्यक्रम आणि सामान्य प्रशासन. प्रत्येक मुद्द्याला दोन, एक किंवा शून्य. पडताळायचे मार्ग चार: डोळ्यांनी बघा, कर्मचाऱ्याला विचारा, कागद वाचा, रुग्णाशी बोला. 70 टक्के हा उंबरठा आणि प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. या सूचींना नावं ठेवायची फॅशन आहे, पण ऑक्सिटोसिन उघड्या कपाटातून फ्रिजमध्ये गेलं, बाळाला श्वास द्यायची अंबू बॅग कुलपातून निघून टेबलाशी आली, सुया तोडून वेगळ्या डब्यात पडू लागल्या, ते या दोन-एक-शून्यामुळेच. नुसत्या व्याख्यानांनी ते झालं नसतं.

आता तपासणीला पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरलं जाणारच. रंगरंगोटी होते, नागरिकांची सनद भिंतीवर चढते, कुंड्या येतात. एका केंद्रात नवजात बाळाला ऊब देणारा वॉर्मर अगदी चकचकीत होता, पण त्याच्या पायावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेला डेडस्टॉक नंबर शेजारच्या केंद्राचा. मी नुसतं त्याच्याकडे बोट केलं. सिस्टर हसल्या. "मॅडम, तुमची गाडी गेली की मागनं तोही जाणार." मी शून्य दिलं. त्यांनीही वाईट वाटून घेतलं नाही, कारण त्यांचा स्वतःचा वॉर्मर दुरुस्तीला जाऊन कैक महिने झाले होते आणि माझ्या शून्याचा उपयोग करून तो परत मागता येईल, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

खरी मेख कागदात असते. पार्टोग्राफ हा कळा सुरू झालेल्या बाईचा आलेख. गर्भाशयाचं तोंड 4 सेंटीमीटर उघडलं की तो भरायला घ्यायचा: दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके, आईची नाडी, कळा, दर चार तासांनी आतली तपासणी. त्यावर दोन तिरक्या रेषा छापलेल्या असतात. पहिली ओलांडली की बाईला पुढे हलवायच्या तयारीला लागायचं, दुसरीपर्यंत वाट बघायची नाही. एका केंद्रात मी हा आलेख आणि प्रसूती रजिस्टर शेजारी शेजारी ठेवले. रजिस्टरप्रमाणे बाई आल्यापासून पाऊण तासाच्या आत बाळंत झाली होती. आलेखावर मात्र सहा तासांचे ठिपके, एकाच पेनाने, एकाच दाबाने, ठोके 140, 142, 140, 142.

सिस्टर रात्रपाळी करून आल्या होत्या, थकलेल्या होत्या, म्हणून कदाचित सरळ बोलल्या. "बाई आली तेव्हा बाळाचं डोकं दिसत होतं मॅडम. आलेख कधी भरायचा? पण फाइलमध्ये कोरा दिसला असता तर तुम्ही गुण कापले असते."

त्यांचं अर्धं खरं होतं. पूर्ण उघडलेल्या अवस्थेत आलेल्या बाईचा आलेख कोणी मागत नाही. तशी एक ओळ लिहिली की पुरतं. पण ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती. सांगितलं होतं ते एवढंच की दर फाइलला आलेख हवा, शंभर टक्के. आणि शंभर टक्के म्हटलं की माणूस कागदाची सोय करतो.

यापेक्षा अवघड कागद म्हणजे उपजत मृत्यूची नोंद. बाळ पोटातच गेलं असेल तर तो उपजत मृत्यू; बाहेर येऊन त्याने दोन श्वास जरी घेतले तरी तो एक जन्म आणि एक मृत्यू. पहिली नोंद अर्भक मृत्यूच्या आकड्यात येत नाही. दुसरी येते, आणि तिच्यामागून बालमृत्यू अन्वेषण, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची भेट, खुलासा, आढाव्यात उभं राहणं, हे सगळं येतं. म्हणून प्रसूतीच्या अर्धा तास आधी ठोके 138 आणि मग थेट "उपजत मृत्यू, ताजा" असं वाचलं की मी थांबते. प्रत्येक वेळी लपवाछपवी असते असं मुळीच नाही. शेवटच्या अर्ध्या तासात बाळं जातात, चांगल्या हातांतूनही जातात. पण त्या पानावर माझं बोट थांबलं की खोलीतली सगळी माणसं एकदम दुसरीकडे बघायला लागतात, हेही मी पाहिलेलं आहे.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. या शतकाच्या सुरुवातीला डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने राज्यातल्या इतर संस्थांना बरोबर घेऊन घरोघर जाऊन जन्म-मृत्यू मोजले, तेव्हा सरकारी नोंदीपेक्षा किती तरी जास्त बाळं जात असल्याचं दिसलं. तो अहवाल 'कोवळी पानगळ' या नावाने गाजला आणि पुढे सरकारला डॉ. बंगांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तेव्हापासून परिस्थिती खूप बदलली. नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे 2020 साली राज्याचा अर्भक मृत्यूदर हजारी 16 होता, देशाचा 28. म्हणजे वर्षाला पाचशेच्या आसपास जन्म असलेल्या एका केंद्राच्या हद्दीत सरासरीने आठेक मृत्यू निघायला हवेत. एखाद्या केंद्राने वर्षभर शून्य दाखवलं तर ते नशीब असू शकतं, पण आधी तो प्रश्न असतो. तक्त्यात मात्र शून्य हिरव्या रंगात येतं आणि खरे आठ लिहिणारा डॉक्टर उभा राहतो.

रुग्णाशी बोलणं हा चौथा मार्ग सगळ्यांत छान आणि सगळ्यांत फसवा. खाटेभोवती कर्मचारी असले की बाळंतीण काही बोलत नाही. मी तिच्या सासूला बाहेर पाणी प्यायला नेते. "आजी, जेवण मिळालं का? गाडीचे पैसे पडले का? नातू झाला म्हणून कोणाला बक्षिसी द्यावी लागली का?" सासवा एरवी कितीही कडक असल्या तरी पैशाच्या बाबतीत सत्यवचनी असतात. "द्यावं लागलं असं नाही बाई, पण मावशी दारातच हुबी राहिली तर काय करावं माणसानं?" सूचीत या उत्तराला रकाना आहे, ही मला सरकारी छापील कागदातली दुर्मीळ सभ्यता वाटते.

हे सगळं झालं अंशाबद्दल. आता छेदाकडे येते, कारण माझं मुख्य म्हणणं तिथे आहे. किती बाळंतपणं झाली, किती डोस दिले, किती थुंकी तपासल्या, हे आम्ही रजिस्टर उलथंपालथं करून तपासतो. ते ज्या आकड्याने भागायचं तो आकडा मात्र कोणी तपासत नाही. तो वरून पत्राने येतो. समजा केंद्राची लोकसंख्या 30,000 आणि जन्मदर हजारी 16, तर वर्षाला अपेक्षित जन्म 480. गर्भपात वगैरे धरून त्यात दहा टक्के मिळवले की अपेक्षित गरोदर माता 528, महिन्याला 44. या 44 ला भागून टक्केवारी निघते आणि तिच्यावरून माणसाची इभ्रत ठरते. आणि ते 30,000 कुठून आले? 2011 च्या जनगणनेतून, दरवर्षी थोडी वाढ मिळवत मिळवत. 2021 ची जनगणना झालीच नाही. मधल्या काळात शहरालगतची गावं फुगली, आडबाजूची ओसरली. पत्रात मात्र दोघं सारख्याच वेगाने वाढतायत.

त्यात आपल्याकडची पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की पोरगी माहेरी जाते. नोंदणी सासरच्या केंद्रात, प्रसूती माहेरच्या तालुक्यात, पहिले डोस तिसरीकडे. आमची माहिती प्रणाली, 2008 पासूनचं एचएमआयएस, सेवा जिथे दिली तिथे आकडा धरते. बाई कुठली हे बेरजेत राहत नाही. ज्या गावांतून लेकी बाहेर दिल्या, त्या गावांच्या केंद्राला आयत्या प्रसूती मिळतात. सुनांच्या गावाला खुलासा द्यावा लागतो.

पण सगळ्यांत मोठी गफलत उसाची. बीड, जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगरचा दुष्काळी भाग, इथून दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कडेवरची, पोटातली पोरं बरोबर. ती पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्या पाच-सहा महिन्यांत इकडच्या केंद्राचा छेद जागच्या जागी आणि अंश फडात. तिकडे कारखान्याच्या पट्ट्यातल्या केंद्राचं नेमकं उलटं: छेदात ही माणसं नाहीतच, अंशात डोस पडतात. लसीकरण शंभराच्या वर जातं. शंभराच्या वर गेलेल्या माणसाला आढाव्यात कोणी उभं करत नाही, हे मला अजून चमत्कारिक वाटतं. 112 टक्के ही तर चुकीची कबुली आहे. लाल रंग तिलाच द्यायला हवा.

अशाच एका लाल केंद्राच्या उपकेंद्रात एक आरोग्य सेविका आहेत. निवृत्तीला आल्या आहेत. नसबंदीच्या उद्दिष्टाचा जुना काळ त्यांनी पाहिला आहे. मार्चअखेरीला एका केंद्राने दुसऱ्या केंद्राची 'केस' पळवायची, त्यावरून नर्सबाईंची भांडणं व्हायची. 1996 च्या एप्रिलपासून देशभर ती उद्दिष्टं कागदावर रद्द झाली. "रद्द झाली हे आम्हाला फार उशिरा कळलं," त्या म्हणतात आणि हसत नाहीत. त्यांच्याकडे सरकारी रजिस्टरांखेरीज स्वतःची एक शंभरपानी वही आहे, वरचं पान कुंकवाचा डाग पडलेलं. उभ्या रेघा मारून रकाने केलेत: घर, कोयते किती, कारखाना, मुकादमाचं नाव, मुकादमाचा मोबाइल, बाळ, राहिलेला डोस. त्या वहीतून त्या मुकादमाला फोन लावतात. मी समोर बसलेली असताना लावला. "दादा, ती अमक्याची पोरगी साडेतीन महिन्यांची झाली. तिसरा पेंटा राहिलाय. उद्या मंगळवार, तिकडं लसीकरण असंल. तेवढं धाडा तिला. कार्ड ट्रंकेत हाय म्हणावं, तिच्या सासूनं ठिवलंय." पलीकडून मुकादम काहीतरी कुरकुरला. "एका खेपेचा खाडा मी भरून दिऊ का तुमचा? धाडा म्हंते ना."

तो डोस पडला असेल तर सांगलीकडच्या कुठल्याशा केंद्राच्या हिरव्यात भर पडली असेल. या बाईंच्या उपकेंद्राला त्या महिन्यात लाल रंगच होता. माझ्या तपासणी सूचीत त्या वहीला कुठे गुण नाहीत. मी शोधलं. शेवटी "स्थलांतरितांचा पाठपुरावा" अशा अर्थाच्या एका मुद्द्याखाली तिला दोन दिले आणि शेऱ्यात अर्धं पान लिहिलं. आता यू-विन या लसीकरणाच्या पोर्टलवर बाळाच्या नावानिशी नोंद होते, डोस कुठेही घेतला तरी दिसतो. वहीचं काम काहीसं हलकं झालं आहे. आढाव्याच्या तक्त्याला मात्र अजून बेरजाच लागतात.

घरोघर विचारून काढलेला आकडा आणि बेरजेने आलेला आकडा यांत फरक पडतो तो असा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, राज्यातल्या जवळपास 95 टक्के प्रसूती संस्थेत झाल्याचं दिसलं, आणि तो आकडा आमच्या आकड्यांशी बराचसा जुळतो, कारण प्रसूती लपत नाही. पूर्ण लसीकरण मात्र 74 टक्क्यांच्या आसपास निघालं. आमच्या बैठकांत नव्वदच्या खाली कोणी बोलत नव्हतं.

क्षयरोगाबद्दल थोडंच. 2025 पर्यंत क्षयरोग हटवायचं उद्दिष्ट देशाने घेतलं होतं. टीबीमुक्त ग्रामपंचायतीच्या निकषांत हजार लोकांमागे वर्षाला किमान 30 संशयितांची तपासणी आणि रुग्ण मात्र एक किंवा त्याहून कमी. भरपूर शोधा, पण सापडू देऊ नका, असा त्याचा अर्थ काही गावांनी घेतला. लॅबवाले दादा डबी उजेडात धरूनच सांगतात, "हा बेडका नाही, ही थुंकी आहे. फेस बघा." तीस भरले, रुग्ण शून्य, फलक लागला. चांगल्या आशाताई असलेल्या गावात खरा बेडका येतो, दोन रुग्ण सापडतात, फलक हुकतो.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये अपघात विभागातल्या रुग्णाचं चार तासांत काय ते करा असं उद्दिष्ट आलं, तेव्हा चार तास भरायच्या शेवटच्या काही मिनिटांत रुग्ण हलवले जाण्याचा ढीग पडू लागला. पदविकेच्या वर्गात आम्ही त्या आलेखाला हसलो होतो.

मध्यंतरी एक जिल्हा आरोग्य अधिकारी आले होते, त्यांना छेदाबद्दलचं हे म्हणणं पटलं. त्यांनी तक्त्यात टक्केवारीच्या शेजारी आणखी एक रकाना घालायला लावला: "हद्दीबाहेर गेलेले". आणि शंभराच्या वरच्या चौकोनांना करडा रंग. पहिल्याच बैठकीत गंमत झाली; नेहमी मागे बसणारे डॉक्टर पुढे बसून आकडे सांगायला लागले आणि कारखान्याच्या पट्ट्यातले दोघं गप्प झाले. तालुक्या-तालुक्यांत नावांच्या याद्यांची देवाणघेवाण सुरू झाली, कोणी न सांगता. मग त्यांची बदली झाली. नव्या साहेबांना तक्ता गिचमिड वाटला. शिवाय त्या वर्षी वरून वेगळंच पत्र आलं होतं: किती संस्थांना एनक्वास मिळालं पाहिजे याचं उद्दिष्ट. 2024 च्या जूनपासून उपकेंद्रांचं मूल्यमापन व्हिडिओवरूनही होतं. मोबाइल हातात घेऊन सेविका मला खोली खोली दाखवते, आणि रेंज गेली की आम्ही दोघी स्तब्ध झालेल्या एका फ्रिजकडे बघत बसतो.

आता पुढची जनगणना जाहीर झाली आहे. माणसांची मोजणी 2027 च्या फेब्रुवारीत, संदर्भ तारीख 1 मार्च. ही बातमी मी त्या वहीवाल्या बाईंना मोठ्या आनंदाने सांगितली, की आता एकदाचा छेद बदलेल. त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "फेब्रुवारीत? फेब्रुवारीत तर सगळे कोयते तिकडंच असत्यात." मोजणीचा नियम असा की त्या सगळ्या दिवसांत जो घरी नाही, तो जिथे सापडेल तिथे मोजला जातो. म्हणजे आमच्या वाड्या-तांड्यांवरची माणसं फडातल्या कोप्यांवर मोजली जाणार. इकडचा छेद आकसणार, टक्केवारी आपोआप हिरवी होणार. आणि उपकेंद्र 5,000 लोकसंख्येमागे, आशा 1,000 मागे, लसींची मागणीही याच आकड्यावर. "पावसाळ्यात ही सगळी पोरंबाळं घेऊन परत येतील," बाई म्हणाल्या, "तवा कुणाच्या नावावरच्या लसी टोचायच्या मी?" हा प्रश्न मी तिमाही अहवालात शेऱ्याच्या रकान्यात जशाच्या तसा लिहून वर पाठवला आहे. या वेळी "सुधारणेस वाव आहे" असं लिहिलं नाही.